नानांच्या नखीसाठी जिंतूर ते पूर्णा

माझ्या हाताला एक घटका दम नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी कंदिलाची वात आत गेली होती. चिमटा शोधायला कोण उठतो? समोरच्या कोनाड्यात नानांची सतारीची नखी होती, तीच उचलली आणि वात ओढली. कट्कन आवाज झाला. वात वर आली आणि नखीचे दोन तुकडे माझ्या हातात राहिले.

नाना म्हणजे माझे वडील. गेल्या साली अंगावरून वारं गेलं तेव्हापासून ते बाजेवरच असतात. उजवा हात वाचला, पण वाळला. तरी रोज दिवेलागणीला ती तारेची नखी तर्जनीवर चढवायची आणि दहा मिनिटं का होईना, सतार छेडायची. तेवढंच त्यांचं उरलं होतं. तुकडे बघून ते ओरडले नाहीत. आईकडून सतारीला खोळ घालून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. आठ दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मला शिव्या चालतात हो, हे नाही चालत!

जिंतुरात नखी मिळत नाही. मग मी शेजारच्या सोनाराला घरी आणलं. त्यानं दोऱ्यानं नानांच्या बोटाचं माप घेतलं. नानांनी बोट पुढं केलं, तोंड नाही केलं. मी जिनिंगमधून तीन दिवसांची रजा काढली, दोऱ्याला गाठ मारून तो टोपीत ठेवला आणि निघालो.

लढाईमुळे पेट्रोल नाही, त्यामुळे परभणीची सर्व्हिस मोटार सध्या कोळशाच्या गॅसवर चालते. मागे भट्टी बसवलेली आहे. ड्रायव्हर आधी ती फुलवतो, मग माणसं बसतात, मग भट्टी विझते. सकाळची मोटार म्हणजे दहा वाजले असं धरून चाला, आणि भाकरी बरोबर ठेवा. बोरीच्या पुढे चढाला ती बसलीच. सगळ्यात आधी मी उडी मारली आणि ढकलायला लागलो. घोंगडी पांघरलेले एक म्हातारबा आत बसूनच म्हणाले, "कुठं जायलाव एवढ्या घाईनं?"

"परभणीला!"

"मोटार बी तिकडंच जायलीय की."

सगळी मोटार हसली. मला हसू आलं नाही. झरीला अर्धा तास थांबलो तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात हुरडा भाजत होते. पौषात या रस्त्यानं जाल तर लसणाच्या चटणीबरोबर तो हुरडा खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी उभ्यानंच खाल्ला, तोंड भाजलं.

परभणीच्या बाजारात वाजंत्र्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदारानं डबी उघडली, आत पितळी नख्या. एक घालून मी तिथल्या सतारीची तार छेडली, तर 'दा' या पहिल्याच बोलाला नखीचं नाक वाकलं. "लढाईच्या आधी पोलादी यायच्या," तो म्हणाला, "आता ह्याच हायत. पोलादीच पाहिजे असंल तर पूर्णेला जावा. रेल्वेच्या लोको शेडात करीममिस्त्री हाय, त्याच्याकडं जुनी तार हाय म्हणतात."

मुसाफिरखान्यात डास मुबलक आणि मला झोप नाही. सकाळची पहिली गाडी धरली. पूर्णेचं तिकीट काही आण्यांचं आहे, फक्त निजामाचा हाली शिक्का जवळ ठेवा, खिडकीवर इंग्रजी पैसा काढला की मागची रांग गुरगुरते. पूर्णा हे सगळंच रुळांचं गाव. इंजिनांच्या धुरानं वाळत घातलेलं धोतरसुद्धा राखेच्या रंगाचं होतं. आणि मिस्त्री पाळीवर! सुटायला चार वाजणार होते. मी शेडच्या फाटकापासून चिंचेपर्यंत किती फेऱ्या मारल्या देव जाणे. शेवटी पहारेकरी वैतागला, "बसा की वो एका जागी! तुमच्यामुळं मला गरगरायलंय."

करीममिस्त्री साठीच्या आसपासचा, भुवया जळलेल्या. वडिलांच्या बोटाचं माप म्हणून मी दोरा काढून दिला. त्यानं तो बघितला आणि खो खो हसला.

"मियाँ, हे कुनी मोजलं?"

"सोनारानं."

"मंग बरोबर! ही अंगठी झाली. बापाचं लगीन लावायलाव काय? नखी बसते पेराच्या पुढं, शेंड्यावर. हे बुडाचं माप हाय."

मी कपाळावर हात मारला. सात वर्षं सतार शिकलो, आणि दोरा कुठं गुंडाळतोय ते माझ्या डोळ्यांना दिसलं नाही! सोनाराला वाटेला लावायची घाई मलाच झाली होती. मी म्हणालो, अंदाजानं करा, कशीही करा, मला सकाळची गाडी आहे.

"बोट बगितल्याबिगर मी तार वाकवत न्हाई," मिस्त्री म्हणाला. "बाप हितं न्हाई, तर तुमचं द्या. हाड तर त्येंचंच असंल. पन आता न्हाई, बोट गार पडलंय तुमचं. गार बोटावर केलेली नखी मागनं चावती. आधी जेवा."

त्याच्या घरात खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा खाल्ला. झकास होता. (आईला हे सांगू नका.) मग त्यानं तेलकट फडक्यातून पोलादी तार काढली, खिळ्याभोवती वळवली, माझ्या बोटावर चढवली, काढली, दाबली, कानशीनं टोकं घासली, पुन्हा चढवली. असं दहा वेळा. नखी घ्यायची तर तीन गोष्टी बघायच्या, असं तो सांगत होता. झटका दिल्यावर ती फिरता कामा नये, काढल्यावर बोटावर लाल वळ राहता कामा नये, आणि दगडावर टाकली की तिचा आवाज स्वच्छ यायला हवा. दाराच्या फळीवर दोन खिळ्यांत एक तार ताणलेली होती. "छेडा," तो म्हणाला. मी भराभर छेडलं.

"तुमी सतार शिकलेले हाव."

"सोडली."

"का?"

"बसवत नाही मला एका जागी."

"अंगठा हलायलाय तुमचा," एवढंच तो म्हणाला. पैसे घेईना. माझ्याजवळची तंबाखूची चंची मात्र आनंदानं ठेवून घेतली.

हरवायला नको म्हणून परतीच्या गाडीत नखी बोटावरच ठेवली आणि खिडकीच्या गजावर 'दा रा दा रा' सुरू झालं. समोरच्या बाई म्हणाल्या, "आवो, तेवढं टकटक बंद करा की! लेकरू झोपलंय." मी हात मांडीखाली दाबून बसलो. नाना आता तरी बोलतील का, हाच एक विचार डोक्यात फिरत होता. मोटार या वेळी दोनदा ढकलली.

घरात शिरलो तेव्हा दिवा लागला होता. चपला न काढताच नखी नानांच्या तर्जनीवर चढवली. त्यांनी बोट उभं केलं आणि ती घसरून गोधडीवर पडली. पुन्हा दाबून बसवली, पुन्हा पडली. वाळलेल्या बोटावर आता कोणतीच नखी ठरणार नव्हती. जुनीसुद्धा ते बहुतेक नुसत्या सवयीनं सांभाळत असावेत. तीन दिवस धावलो, आणि हे!

नानांनी गोधडीवरून नखी उचलली. माझा हात ओढला आणि माझ्या बोटावर ती चढवली. हलवून बघितली. हलली नाही.

"खोळ काढ," नाना म्हणाले. बाराव्या दिवशी पहिला शब्द.

मी सतार घेऊन जमिनीवर बसलो. सात वर्षं शिकलेलं सगळं वाकडंतिकडं झालं होतं. दोन सूर लागले, तिसरा घसरला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नाना डोळे मिटून ऐकत होते, मध्येच म्हणाले, "अंगठा."

"काय?"

"हलायलाय. दांडीवर ठेव, उचलू नको."

हे लिहितोय त्याला आता महिना झाला. पूर्णेला जायचं असेल तर मिस्त्रीला माझा सलाम सांगा, आणि बोट बरोबर न्या. आमच्याकडे रोज दिवेलागणीला तासभर बसावं लागतं. पाय मुंग्यांनी भरतात, पाठ मोडते, नाना मला गाढव म्हणतात. अंगठा लय दुखतो, पण जागेवर आहे.