मुक्या सिनेमात आई बोलली

अश्दोदच्या मराठी आईबापांनो, इथे इस्रायलात पोरं आजीला हिब्रूतच उत्तर देतात, ही आपली सगळ्यांची तक्रार. मीही सभांमधून हेच गर्जत आलोय.

आज मात्र हादरलो. आपल्या समाजाच्या हॉलमध्ये मातीच्या हलत्या बाहुल्यांचा विनोदी सिनेमा होता, संवाद एकही नाही. "हिब्रू सिनेमातलं तिला काय कळणार?" म्हणून आईला मी कायम घरी ठेवलं. आज माझ्या लेकीने तिला ओढून आणलं.

बाहुला पीठ मळू लागला. ते हातांना चिकटलं, मग नाकाला. सगळ्यांच्या आधी आई हसली, ओरडली, "मेल्या, पाणी जास्त घातलंस!"

लेक चक्क मराठीत म्हणाली, "आजी, मेल्या म्हणजे काय?"

आजीला घरी बसवून मराठीसाठी रडत होतो आपण! मंगळवारी हाच सिनेमा पुन्हा आहे. तिला आणा, नातवंडाशेजारी बसवा.