सातवाहन काळातला खून आणि साखऱ्याचा कावळा

हे बघा, चहा संपेपर्यंत सांगून टाकतो, पण एक अट. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटी हसलात तर मला राग येईल. आयुष्यात फजित्या पुष्कळ झाल्या, पण ही मी दहाव्याच्या पिंडासमोर, अख्ख्या भावकीच्या देखत करून घेतली!

मला नाद आहे प्राचीन काळातल्या खुनांचा. म्हणजे कादंबऱ्यांचा हो! रोममध्ये सरदार मेला, इजिप्तमध्ये पुजारी मेला, पाटलीपुत्रात नगरशेठ मेला, की मी जेवण विसरतो. वसमतला शाळेत इतिहास शिकवतो. पोरांना त्यात रस नाही, बायकोला त्याहून नाही. म्हणून स्वतःच एक कादंबरी लिहायला घेतली. सातवाहनांचं प्रतिष्ठान नगर. हळदीचा म्हातारा व्यापारी सकाळी मेलेला सापडतो, आणि राजवैद्याला विषाचा संशय येतो.

आणि तिथंच गाडी अडली. वैद्याला विष कळणार कसं? त्या काळी पोस्टमॉर्टम नाही, सीसीटीव्ही नाही, मोबाइलचं लोकेशन नाही! वर्षभर तो म्हातारा माझ्या कादंबरीत तसाच पडून होता.

अशात साखरा गावचे आमचे आप्पामामा वारले. वयानंच गेले, बरेच दिवस अंथरुणावर होते. त्यांचं सगळं रुक्मिणवहिनींनी केलं, म्हणजे मामांच्या सुनेनं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. मुलगा दिगंबरदादा शेतात राबायचा. लेक शकूताई पुसेगावला सासरी. ती कधीमधी यायची, वहिनींच्या हातचं जेवायची आणि वहिनींच्याच चुका काढून जायची. मी? मी त्याहून कमी जायचो. गेलो की वहिनी पुरणपोळी केल्याशिवाय परत पाठवायच्या नाहीत.

दहाव्याला सगळे गावाबाहेर ओढ्यावर जमलो. पिंड मांडले, आणि कावळा काही शिवेना! समोरच्या बाभळीवर बसून मान वाकडी करून बघत होता, पण खाली येईना. म्हणजे मामांची काहीतरी इच्छा राहिली. दादानं हात जोडले. "आप्पा, म्हशी इकत न्हाई." कावळा हलला नाही. शकूताई म्हणाली, "आप्पा, मी आता भाऊबीजेला येत जाईन." कावळा एक फांदी आणखी वर गेला.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कावळा! माझ्या कादंबरीतला व्यापारी रोज जेवणाआधी कावळ्याला घास टाकतो. शेवटच्या घासाला कावळा शिवत नाही. सकाळी राजवैद्याला तो तसाच पडलेला दिसतो. मिळाला की पुरावा!

सांगायला लाज वाटते, पण मामांच्या पिंडासमोर मला आनंद झाला. इतका, की वसमतच्या मुनीरभाईंना, माझ्या एकुलत्या एका श्रोत्याला, तिथूनच फोन लावला. ओढ्यात रेंज कुठली? बांधावर चढलो. तरी आवाज तुटत होता, म्हणून ओरडावं लागलं.

"मुनीरभाई, सापडलं! कावळा शिवला न्हाई, कारण म्हाताऱ्याला विष दिलं व्हतं!"

"किसने दिया?"

"सुनेनं! खिरीतून! बराबर जमून राहिलंय!"

"लेकिन कायकू?"

"कायकू म्हंजे? जमिनीसाठी! नवरा बी सामील!"

खूश होऊन मागं वळलो, तर सगळी भावकी माझ्याकडे बघत होती. भटजींच्या हातातली पळी हवेतच राहिलेली. आयुष्यात पहिल्यांदा माझी कथा इतक्या लोकांनी कानात प्राण आणून ऐकली होती!

शकूताईनं हंबरडा फोडला. "मला आदीच वाटलं व्हतं! आप्पाच्या पोटात शेवटी गेली ती हिच्याच हातची खीर!"

"ताई, ती खीर तुमीच करायला लावली व्हती," वहिनी म्हणाल्या. पण ऐकतंय कोण?

मामा अंथरुणावर असताना ज्यांनी एकदा उंबरा ओलांडला नाही, ते सगळे बघता बघता राजवैद्य झाले! एकाला मामांची नखं निळी दिसली होती, दुसऱ्याला तोंडाला फेस दिसला होता. अरे, बघायला आला होतात कधी?

"कादंबरी आहे हो!" मी बोंबललो. "दोन हजार वर्षांपूर्वीचा खून आहे!"

"मंग जमिनीचं काय म्हनून राहिला व्हता?" एक म्हातारे पाव्हणे म्हणाले. "दोन हजार वर्सांमागं सातबारा व्हता का?"

"ती सून वेगळी आहे! ऐका, मला पान पाठ आहे." आणि मी घडाघडा म्हणायला लागलो. 'ती सावळी होती. हनुवटीवर हिरवं गोंदण. डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण...'

म्हणता म्हणता माझी नजर वर गेली. समोर वहिनी उभ्या होत्या. सावळ्या. हनुवटीवर गोंदण. भुवईवर खूण, लहानपणी विळा लागल्याची.

काय सांगू हो? लिहिताना एका बाईचा चेहरा हवा होता. वहिनींचा डोळ्यांपुढे आला, तो उचलला. पुढं तिच्या हातून खून होणार हे तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं?

वहिनी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी तुमाला कवा काय वाईट खाऊ घातलं का वो?"

मी मनात पुरणपोळ्या मोजायला लागलो. अजून मोजतोय.

तेवढ्यात कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. भटजी घाबरून, दर्भाचाच कावळा करून पिंडाला शिववू आणि उरकून टाकू, म्हणायला लागले. मी पिंडासमोर लोटांगण घातलं. "मामा, चूक माझी आहे. मी परत कधी कादंबरी लिहिणार नाही!"

कावळा खाली आला! पिंडाकडे एक उडी मारली. थांबला. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि परत बाभळीवर जाऊन बसला. थाप त्यालाही कळली असावी.

मग वहिनी पुढं झाल्या. पदर सारखा केला, हात जोडले. "मामंजी, तुमच्या ह्या भाच्याला मी परत घरात पाय ठिऊ देनार न्हाई."

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळ्यानं झडप घातली. नुसता शिवला नाही हो, पिंड फोडून खाल्ला!

"घ्या! आप्पाची हीच इच्छा राहिली व्हती," म्हातारे पाव्हणे म्हणाले. मामांनी सुनेचं ऐकलं, म्हणजे सून निर्दोष. विष, खीर, निळी नखं, सगळं सगळे विसरले. शकूताई तर वहिनींच्याच गळ्यात पडून रडली. वहिनी सुटल्या याचा मला आनंद आहे. खरंच आहे. पण ज्या मामांच्या खांद्यावर बसून मी पोळा पाहिला, त्यांच्या तेरवीला मी वसमतला घरी बसून खिचडी खाल्ली.

कादंबरी? ती कुणीच छापली नाही. पण साखऱ्यात माझं नाव झालंय. परवा तिथला एक जण एसटीत भेटला, तो सांगत होता. आता गावात कुणाच्याही पिंडाला कावळा शिवेना झाला, की म्हशी, जमीन, लेकीचं लग्न असलं कुणी बोलत बसत नाही. सरळ हात जोडतात आणि म्हणतात, "वसमतच्या मास्तरला गावात येऊ देनार न्हाई."

"आन् मंग?" मी विचारलं.

"मंग काय? लगेच शिवतो."