साडीगार्ड

रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या चहाच्या टपरीवर आम्हा नव्या मोटरसायकलवाल्यांची सभा भरते. अध्यक्ष आमच्यातलाच एक मित्र. त्याची गाडी सगळ्यांत नवी आणि आवाज सगळ्यांत मोठा. गाडीचा नव्हे, त्याचा. गाडी कशी चालते विचारलं की डोळे मिटून गुजरातीत म्हणतो, "माखण छे, माखण!" म्हणजे लोणी.

शोरूममधून आणल्या दिवशीच त्यानं साडीगार्ड काढून टाकलं. पदर चाकात जाऊ नये म्हणून मागे लावलेली ती जाळी म्हणजे, त्याच्या मते, मर्द गाडीला नेसवलेलं लुगडं. माझ्या गाडीला ती अजून आहे. म्हणून मी दिसलो की तो ओरडतो, "या काकू, बसा!" आणि सगळी टपरी हसते.

एका गुरुवारी मी त्याच्या घरामागच्या गल्लीतून जात होतो. हा गाडीपाशी उकिडवा बसून पान्यानं तीच जाळी लावत होता. त्याच्या मागे बसून दत्ताच्या देवळात निघालेली त्याची आई शेजारी उभी राहून, प्रसाद द्यावा तसा एकेक नट त्याच्या हातावर ठेवत होती.

"दर गुरुवारी लावायची, आल्यावर काढायची. राहू दे की रे कायमची."

"नको गं. मित्र हसतात."

"मग आटप लवकर. कोणी बघेल."

त्या रविवारी तो पुन्हा ओरडला, "या काकू!" मी शेजारी बसलो आणि हळूच विचारलं, "आईनं नट नीट ठेवलेत ना?"

तेव्हापासून दर रविवारी माझ्यापुढे न मागता, त्याच्या खर्चानं सेव-उसळ येते. तिखट जास्त असतं, पण मी तक्रार करत नाही.