फ्रिजवरची यादी

रिक्षा नागपुरातल्या प्रताप नगरच्या घरासमोर उभी होती आणि मी अजून फ्रिजवर यादी चिकटवत होते. बाबांची सकाळची बीपीची गोळी, नाश्ता, फिरणे, रात्रीची गोळी, गॅस बंद. प्रत्येकापुढे महिनाभराचे चौकोन, आणि पुढच्या महिन्यांसाठी खाली कोऱ्या प्रती. बाबांनी खुणा करायच्या आणि रोज फोटो पाठवायचा. ते भिवापुरी तिखटाची पिशवी धरून दारात उभे होते. "जाय वं आता. इमान तुह्या यादीसाठी थांबनार हाये का?"

सेहेचाळिसाव्या वर्षी बँकेची नोकरी सोडून मी ओसाकाला मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, शिकायला निघाले होते. नातेवाइकांना ते वेड वाटले. बाबा मात्र सगळ्यांना सांगत, "पोरगी कॉमिक्स वाचाले जपानले चालली. थेबी स्कॉलरशिपवर."

वर्गात मी सगळ्यांत मोठी. आमच्या सेन्सेई, म्हणजे प्राध्यापकबाई, एकच गोष्ट बजावत: पात्र काय बोलते ते नंतर वाचा, आधी चौकटीचे कोपरे पाहा. न उचललेला कप, रिकामी खुर्ची. मी प्रबंधाला तोच विषय घेतला. कोपऱ्यांच्याही याद्या केल्या.

रोज बाबांचा फोटो येई. एकही खूण चुकलेली नसे. मी अंगठा पाठवून वर्गाला पळे. फोनवर ते विचारत, "तुह्या पुस्तकातला मानूस जेवला का आज?"

सातव्या महिन्यात शेजारच्या लताकाकूंचा फोन आला. बाबांना पक्षाघात झाला होता. मी पोचले तेव्हा ते गेले होते.

तेराव्यानंतर मी ते सगळे फोटो एकेक करून पाहिले. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात, ओट्यावर, गोळ्यांची सात खणांची पारदर्शक डबी होती. सुरुवातीला खण रिकामे होत. शेवटचे दोन महिने सोमवारी भरलेली डबी रविवारीही तशीच भरलेली. खुणा मात्र सगळ्या जागेवर.

लताकाकू म्हणाल्या, "त्या गोळीनं त्यायले चक्कर येत होती वं. म्या म्हटलं, पोरीले सांगा. तं म्हने, सांगितलं का थे शिकनं अर्धं टाकून येईन."

मी आले असते. हे त्यांना माहीत होते.

प्रबंध पूर्ण केला. आता तिथेच शिकवते, घरी तिखट अजून भिवापूरचेच. तुमच्यापैकी ज्यांना गावाहून फोटो येतात त्यांना एवढेच सांगते, हसरे चेहरे नंतर पाहा. आणि मागे राहिलेल्यांनो, आम्हाला परत यायला लावायला घाबरू नका.

वर्षातून एकदा नागपूरला येते. यादी अजून फ्रिजवर आहे. शेवटच्या दिवशी बाबांनी गॅसपुढे खूण केली होती आणि गॅस खरेच बंद होता. निघताना मी बटण दोनदा तपासते, त्यांच्या खुणेपुढच्या रिकाम्या चौकोनात माझी खूण करते आणि दाराला कुलूप लावते. घर म्हणून आता मला एवढेच काम उरले आहे.