बुटातला खडा आणि आसा राजाची लढाई

"गँगरीन आहे," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, "करंगळीचं मांस मेलंय. आज काढलं तर पाऊल वाचेल. उद्याचं मी सांगू शकत नाही."

पप्पा इंदापूरला दूध संकलन केंद्रावर काम करतात. फरशी धुताना गमबूट घालतात. बुटात खडा गेला आणि दिवसभर पायाखाली राहिला. त्यांना कळलंच नाही. याला न्यूरोपॅथी म्हणतात. साखरेमुळे पायाच्या नसा बधिर होतात. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर दुखत नाही या गोष्टीलाच घाबरा.

बारामतीच्या त्या दवाखान्यात पप्पा संमतीपत्रावर सही करायला तयार होईनात.

आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत ते 'वडील', म्हणजे एक पुढारी आहेत, अधूनमधून उपदेशही करतात. गेल्याच रविवारी त्यांनी बायबलमधल्या आसा राजावर उपदेश केला होता. यहूदाचा हा राजा देवावर भिस्त ठेवून कूश देशाच्या प्रचंड सैन्याला हरवतो. म्हातारपणी पाय दुखायला लागल्यावर मात्र देवाला न विचारता वैद्यांकडे जातो आणि मरतो. पप्पा हे सांगत होते तेव्हा जखम त्यांच्या मोज्यात होती.

"आता मीच वैद्याच्या हातात पाय दिला, तर मंडळीला काय तोंड दाखवू?"

काटेवाडीची आत्या डबा घेऊन आली होती. "दादा, राजा पायानं मेला म्हणून तुला बी तसंच मरायचंय व्हय? राज्य कुठं हाय तुझं?"

पप्पा हसले नाहीत.

डॉपलर झाली. पायात रक्त पोचतंय का, हे बघणारी ती तपासणी. सिस्टर दोनदा येऊन सहीचा कागद तसाच कोरा बघून गेल्या. पप्पांना ताप चढायला लागला. दुपार उलटली.

मंडळीत बायबलचं वाचन माझ्याकडे असतं. पप्पा खूण करून देतात तेवढंच मी वाचते, कारण मराठी वाचताना मी अडखळते. त्या दिवशी बाकावर बसून मोबाइलवर आसाची गोष्ट पहिल्यापासून वाचली, बोट ठेवून, एकेक शब्द. मग दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले.

"पप्पा, आसानं प्रार्थना केली तेव्हा तो कुठं उभा होता?"

"रणांगणात."

"एकटा?"

मी खाली बघतच बोलले, "आधी तट बांधले होते. ढाल-धनुष्यवाले घेऊन तो खोऱ्यात उभा राहिला, मग प्रार्थना केली. ढाली खाली ठेवा असं देव म्हणाला नाही. पुढंही तो वैद्यांकडे गेला ही चूक नव्हती. देवाला विचारलं नाही, ही होती."

"हे मला रविवारी का नाही सांगितलंस?"

"रविवारी मी एवढं वाचलं नव्हतं."

त्यांनी पांघरूण सारून पायाकडे बघितलं. "तू प्रार्थना कर," ते म्हणाले. "अन् तो कागद आण."

मी मोठ्यानं कधी प्रार्थना करत नाही. त्या दिवशी केली. आत्यानं डोक्यावर पदर घेतला.

करंगळी गेली, शेजारचं बोटही गेलं. पाऊल राहिलं. सकाळी सही झाली असती तर ते दुसरं बोट वाचलं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. पप्पांनीही विचारलं नाही.

आता ते पुन्हा कामाला जातात. निघण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करतात. तोवर मी बूट उलटा करून आपटते, आत हात घालून चाचपते. माझं झालं की मगच ते आमेन म्हणतात.