सोनेरी पट्ट्यांची बाही

सुन्डवोगच्या पोलीस ठाण्यात सगळे गुन्वोर मिक्लेबुस्तला वचकून असत. आता या बाईच्या हातात सुईपलीकडे काही हत्यार नव्हतं, पण वचक होता. ठाण्याच्या वरच्या मजल्यावर तिची शिवणाची खोली. एकतीस वर्षं तिनं तिथे पोलिसांच्या पँटी रफू केल्या, बटणं लावली, कंबरा सैल केल्या. कुणाचं पोट सुटायला लागलंय हे तिला त्याच्या बायकोआधी कळायचं.

खाली अंगणात कुणी गाडी चालू ठेवून कॉफी प्यायला आत शिरला, की ही खाली उतरायची, इंजिन बंद करायची आणि चावी घेऊन वर यायची. चावी मागायला आलेल्याची आधी खरडपट्टी, मग त्याचं लोंबणारं बटण लावून मिळे, आणि मग चावी. "धूर काय चोर पकडणार आहे का रे तुझा?" हे तिचं ठरलेलं वाक्य. नवे शिपाई कुरकुरायचे, जुने गालात हसायचे. पण गाड्या बंद राहायला लागल्या, हेही खरं. पर्यावरणाची परिपत्रकं यायला लागली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

तिचं खरं वैर होतं ते भट्टीशी. जुना झालेला गणवेश जाळायचा, असा नियम. कारण काय, तर तो कुणा भामट्याच्या अंगावर जाऊ नये. बिल्ले जाळा ना, गुन्वोर म्हणायची, कापडानं कुणाचं काय घोडं मारलंय? चोर सोडून संन्याशाला फाशी! मग तिनं रीतसर परवानगी काढली. बिल्ले उसवून द्यायचे आणि कापड ठेवून घ्यायचं. त्या कापडातून गाड्यांच्या सीटच्या खोळी झाल्या, दोरखंडांच्या पिशव्या झाल्या, कोपरांना ठिगळं झाली. आणि या हिवाळ्यात तिनं कुत्र्यांसाठी बाही शिवली. पोलिसांच्या कुत्र्याला चावायला शिकवतात ती जाडजूड बाही. शिकवणारा ती हातावर चढवतो आणि कुत्रा तिला लोंबकळतो. दर वर्षी अशा बाह्या परदेशातून नव्या यायच्या आणि तीन महिन्यांत चिंध्या होऊन कचऱ्यात जायच्या. गुन्वोरची बाही जुन्या लोकरी कोटांची, आत गोधडीसारखे थर घातलेली. कुत्र्यांचा शिक्षक तोरगेर खूश. त्याचा स्क्रुब नावाचा कुत्रा तर त्या बाहीवर जीव टाकायचा.

एप्रिलमध्ये राजधानीहून पत्र आलं. शिवणाच्या खोल्या बंद. फाटलं की टाका, नवं मागवा. एखाद्या ठाण्याला खोली ठेवायचीच असेल, तर तिथल्या साहेबानं मे महिना संपायच्या आत कारण लिहून कळवावं. साहेब होता हालवोर स्तेन. त्यानं अंगणात विजेच्या गाड्या आणल्या होत्या, छतावर सौर पॅनेल बसवली होती, वर्तमानपत्रात फोटोही आला होता. पण सुईदोरा म्हणजे त्याच्या लेखी आजीबाईंचा विरंगुळा. "सतरा मे होऊ दे, मग बघू," म्हणाला. गुन्वोरच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, तिला स्वतःची काळजी नव्हती. पण आपल्या मागं हे सगळं कापड पुन्हा भट्टीत जाणार, या विचारानं तिचा जीव तुटायचा.

सतरा मे उजाडला. राष्ट्रीय दिवस, आणि नशिबानं ऊन. मुलांची मिरवणूक दहाला निघायची होती आणि पुढं साहेब चालणार होता. गावातली सगळी बाया-माणसं ठेवणीतल्या भरतकामाच्या पोशाखात होती. गुन्वोरनंही आपला बुनाद, म्हणजे तसाच पारंपरिक पोशाख, घातला होता, छातीवर तीस वर्षांच्या नोकरीचं चांदीचं पदक लखलखत होतं. अंगणात कॉफी आणि वाफल चालले होते. तोरगेर स्क्रुबला घेऊन उभा होता, मुलं त्याला कुरवाळत होती.

तेवढ्यात साहेब आला. समारंभाचा काळा कोट, बाहीवर सोनेरी पट्ट्या. स्क्रुबनं त्या पट्ट्या पाहिल्या मात्र, शेपूट हलवत त्यानं उडी घेतली आणि साहेबाच्या बाहीला लोंबकळला. तोरगेरनं 'सोड' म्हटल्यावर सुटला, पण कापड घेऊनच. हाताला ओरखडाही नव्हता. बाही मात्र मनगटापासून कोपरापर्यंत उघडी.

तोरगेरचा चेहरा पांढराफटक पडला. हुकुमाविना चावणारा कुत्रा नोकरीत राहत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

गुन्वोरला एका क्षणात सगळं उमगलं. बाही शिवताना तिनं एका निवृत्त साहेबाचा समारंभाचा कोट वापरला होता, आणि मनगटावरच्या सोनेरी पट्ट्या उसवायचा कंटाळा केला होता. रोजच्या गणवेशाला पट्ट्या नसतात, म्हणून कुत्र्याला त्यांची सवय लागलीय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गप्प राहिली असती तर खोली कदाचित वाचलीही असती. ती सरळ पुढं झाली.

"हालवोर, कुत्र्याला बोल लावू नकोस," ती म्हणाली. "तो शिकला तेच त्यानं केलं. असल्या पट्ट्या चावायला त्याला मीच शिकवलंय." आणि तोरगेरच्या गाडीतून ती बाही काढून तिनं साहेबासमोर धरली.

साहेबानं बाही पाहिली, उलटीपालटी केली. त्यावर त्याच्यापेक्षा एक पट्टी जास्त होती. त्याच्या ओठाचा कोपरा थरथरला. घड्याळात नऊ वीस झाले होते, आणि राजधानीहून नवा कोट यायला तीन आठवडे लागतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"किती वेळ लागेल?" त्यानं विचारलं.

"अंगातून काढलास तर अर्धा तास. बोलत बसलास तर जास्त."

मग साहेब वरच्या खोलीत नुसत्या शर्टावर बसून राहिला. सुई चालली होती. समोरच्या फळ्यांवर रफू केलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. तो एकेक नाव वाचत गेला. अख्खं ठाणं तिथं होतं. आपण इतकी वर्षं छताकडेच बघत राहिलो, असं तो स्वतःशीच पुटपुटला. थोड्या वेळानं त्यानं तिच्याकडं कागद मागितला.

"खोली ठेवायला कारण काय लिहू?"

"खरं ते लिही," गुन्वोर दोरा तोडत म्हणाली. "साहेबाला नुसत्या शर्टावर मिरवणुकीत जावं लागलं असतं."

त्यानं तेच लिहिलं. त्याखाली आणखी बरंच लिहिलं आणि सही केली. कोट चढवताना बजावलं, की संध्याकाळच्या आत कुत्र्याच्या बाहीवरच्या त्या पट्ट्या उसवून टाक. तिनं मान डोलावली आणि लगेच कात्री उचलली.

दहाला मिरवणूक निघाली. बँड वाजत होता, पोरं झेंडे फडकावत होती. गुन्वोर फुटपाथवर गर्दीत उभी होती. हालवोर स्तेन तिच्यासमोर आला आणि त्यानं हात वर केला, अगदी उंच, बाही नीट दिसावी असा. आजूबाजूच्या पोरांना वाटलं साहेब आपल्यालाच हात करतोय, आणि त्यांनी ओरडून रस्ता डोक्यावर घेतला.