लोणकर आणि ‘मालसानुलिनो’

जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की लोणकर खडू घेऊन पत्र्याच्या तुकड्यावर एखादा शब्द लिहीत आणि त्याची फोड करत बसत. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते फिटर, मी ड्रॉइंग ऑफिसात. चाकणकडचे, अकरावीपर्यंत शिकलेले. पण टपालाने धडे मागवून ते एस्पेरांतो शिकले होते. सगळ्या देशांतल्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून युरोपातल्या एका डॉक्टरानं रचलेली भाषा. हंगेरीतल्या एका शिक्षकाशी त्यांचा त्या भाषेत पत्रव्यवहार होता.

“‘साना’ म्हंजी धडधाकट,” ते मला सांगत. “लॅटिनमधला ‘सानुस’, त्योच ह्यो. त्याच्याआदी ‘माल’ लावला की आजारी. आता लॅटिनमधी ‘मालुस’ म्हंजी वाईट. पन हितं तसं न्हाई, देसाई. हितं माल म्हंजी निस्तं उलट. आजाराला येगळा शब्दच ठिवला न्हाई त्या मानसानं.” सांगताना चेहरा असा खुलायचा, जणू तो शब्द त्यांनीच घडवला होता.

त्यांची बायको सुमन आजारी पडली. मूत्रपिंडं निकामी झाल्याचं पुण्याला इस्पितळात कळलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. लोणकरांनी हंगेरीला पत्र टाकलं : तुमच्याकडे काही औषध आहे का?

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो. करण्यासारखं काही नव्हतं. वहिनींना पाणीसुद्धा घोटभरच द्यायचं होतं. एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं, “तुमच्या त्या भाषेत मला काय म्हनत्यात?”

“मालसानुलिनो,” लोणकर म्हणाले, आणि सवयीनं त्यांनी फोडही केली. “माल म्हंजी उलट, सान म्हंजी धडधाकट, उल म्हंजी मानूस, इन लावलं की बाई.”

“मग त्यो पयला तुकडा काढून टाका की,” वहिनी म्हणाल्या.

त्या चेष्टा करत नव्हत्या. लोणकरांनी त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि चेपत राहिले.

आठ दिवसांनी वहिनी गेल्या. हंगेरीचं पत्र तेराव्यानंतर आलं. शिक्षकानं तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, औषध नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, पत्नीची तब्येत कशी आहे ते कळवा. लोणकरांनी मला सगळं सावकाश मराठीत सांगितलं आणि उत्तर लिहायला बसले. तासाभरानं कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर मराठीत दोनच शब्द होते : सुमन गेली.

“त्यांना मराठी येत नाही, लोणकर,” मी म्हणालो.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “पर आज मला दुसरं काय बी येईना.”

त्यांच्या वहीतून हंगेरीचा पत्ता मी एकेक अक्षर करत पाकिटावर उतरवला आणि पत्र टपालात टाकलं.